साडेतीन मिलिमीटर

माझ्या टेबलावर दोन इंजिनं शेजारी शेजारी उभी आहेत. एकाच साच्यातून निघालेली, एकाच राखाडी रंगाची, पुढे-मागे तोच लाल पट्टा. दोन्ही एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या १/८७. हिशेब सोपा आहे: खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. त्यामुळे ४४ फुटांचं इंजिन जेमतेम सहा इंचांत बसतं. घरी आलेल्या मित्राला मी विचारतो, "फरक सांग." तो बराच वेळ बघतो आणि म्हणतो, "हे जास्त मळलंय."

एक इंजिन १९६२ सालचं आहे, दुसरं १९८२ सालचं. त्यांच्यातल्या फरकावरच हा लेख आहे.

आपल्याकडे ज्याला शंटिंगचं इंजिन म्हणतात, त्याला अमेरिकेत स्विचर म्हणतात. हे यार्डात डबे इकडून तिकडे ढकलतं, गाड्या जोडतं, तोडतं. माझी दोन्ही मॉडेल्स एसडब्ल्यू१२०० या स्विचरची आहेत. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाने हे १२०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन १९५४ ते १९६६ या काळात बनवलं. ते कॅटलॉगमधून विकलं जाई, पण प्रत्येक रेल्वे कंपनी त्यात आपल्या सोयीचे बदल करून घेई. हॉर्न कुठे, घंटा कुठे, रेडिओचा अँटेना कसा, दिवे किती, धुराड्यावर ठिणग्या अडवणारी टोपी हवी की नको. आमच्या भाषेत सांगायचं तर कोडबेस एक, पण प्रत्येक क्लायंटचं कॉन्फिगरेशन वेगळं.

मॉडेल बनवणाऱ्या कंपनीला हे परवडत नाही. ती एक सर्वसाधारण साचा करते आणि त्यावर दहा रेल्वे कंपन्यांचे रंग चढवते. मग छंदी माणूस रात्री जेवण झाल्यावर एक जुना फोटो समोर ठेवतो आणि त्या प्लॅस्टिकला फोटोकडे ओढत नेतो. साच्यातच उमटलेले पकडायचे दांडे धारदार पात्याने तासून काढतो. ८० नंबरच्या ड्रिलने, म्हणजे साधारण ०.३४ मिलिमीटरची, भोकं पाडतो आणि त्यांत तारेचे दांडे बसवतो. चुकीची घंटा काढतो, बरोबर हॉर्न लावतो. माझ्यासमोरचे फोटो सदर्न पॅसिफिकचे होते. राखाडी अंग आणि लाल तोंड ही या कंपनीची १९५८ पासूनची ओळख. शौकीन त्याला 'ब्लडी नोज' म्हणतात.

हे खेळणं सजवणं नाही, वाचन आहे. जेरी पिंकेपँक यांचं 'डिझेल स्पॉटर्स गाइड' १९६७ साली आलं. जाळी, खिडकी, धुराडं बघून इंजिनाचं मॉडेल आणि काळ ओळखायला त्याने एका पिढीला शिकवलं. पाठभेदांवरून पोथीचा काळ ठरवणाऱ्या संशोधकाची नजर आणि ही नजर यांत मला फार अंतर दिसत नाही.

पण नजर कमावली की वाद सुरू होतात. ॲलन मॅक्लेलंड यांनी आपल्या 'व्हर्जिनियन अँड ओहायो' या काल्पनिक रेल्वेसाठी 'पुरेसं चांगलं' असं तत्त्व मांडलं. एकेका इंजिनाच्या खिळ्यांत अडकू नका, आख्खी रेल्वे खऱ्यासारखी चालली पाहिजे, असा त्याचा आशय. दुसऱ्या बाजूला मूळ इंजिनाशी तंतोतंत इमान राखणारे आहेत. त्यांना एका चुकीच्या दांड्यानेही झोप लागत नाही. बरीच वर्षं मी दुसऱ्या गोटात होतो. नंतर हिशेब केला. आम्ही अभिमानाने वापरतो ती ०.०१२ इंचाची तार ८७ पट मोठी केली, तर दांडा इंचभराहून जाड होतो. खरा दांडा त्याहून बारीक असायचा. म्हणजे तंतोतंतपणाचाही शेवट 'पुरेसं चांगलं'मध्येच होतो. मग प्रश्न किती बरोबर हा उरत नाही. काय बरोबर करायचं आणि कशासाठी, हा उरतो.

इथे माझी तक्रार सुरू होते.

१९६२ च्या माझ्या इंजिनाला दोन्ही टोकांना, रुळापासून साधारण फूटभर उंचीवर, एक आडवी फळी आहे. तिला फूटबोर्ड म्हणतात. लोकलच्या दारात उभं राहिलेल्याला हा शब्द समजावून सांगायला नको. फरक इतकाच की ही फळी इंजिनाच्या तोंडाशी असे. यार्डातला कामगार तिच्यावर उभा राहून जाई, डबा जवळ आला की उतरे, कपलिंग बघे, सांधा बदले आणि चालत्या इंजिनाच्या फळीवर पुन्हा पाय टाके. पाय घसरला तर तो रुळांच्या मध्ये आणि मागून इंजिन. माणसं मेली, पाय गेले. अखेर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात संघराज्याच्या सुरक्षा नियमांनी यार्डातल्या इंजिनांचे हे फूटबोर्ड हटवले आणि त्यांच्या जागी कोपऱ्यातल्या पायऱ्या आल्या. म्हणून १९८२ च्या इंजिनाला फळी नाही. माझ्या दोन इंजिनांतला मुख्य फरक हाच.

आमच्या जगात या बदलाला काय म्हणतात? डिटेल. 'तुमचं मॉडेल १९८० नंतरचं असेल तर फूटबोर्ड कापून टाका' एवढंच वाक्य, आणि लगेच पुढे हॉर्नबद्दल सूचना. हॉर्नची जागा कंपनीच्या आवडीने बदलली आणि फळी माणसांच्या पायांमुळे गेली, पण यादीत दोघांचं वजन सारखं. आम्ही डिफ अचूक वाचतो, कमिट मेसेज वाचत नाही. कुठली ओळ गेली ते सांगतो. का गेली, ते कुणी विचारत नाही.

ही सवय नियमांतही दिसते. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या परीक्षणात १२५ गुण असतात: बांधणीला ४०, तपशिलाला २०, मूळाशी अनुरूपतेला २५, रंग आणि अक्षरांना २५, स्वतः घडवलेल्या भागांना १५. एखाद्या कलेला इतका काटेकोर ताळेबंद क्वचितच मिळतो आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण फळी जागेवर आहे की नाही एवढंच त्यात मोजता येतं. आम्ही गंज हुबेहूब रंगवतो, तेलाचे ओघळ रंगवतो, आणि ज्यांच्या हातांनी ते दांडे गुळगुळीत झाले ती माणसं यार्डात ठेवतच नाही. ठेवली तर कंदील घेऊन लांब, सुरक्षित उभी.

मॉडेलला भाषण देता येत नाही, हे मला कळतं. छोट्या इंजिनावर शोकफलक लावा असंही मी म्हणत नाही. पण समीक्षकाने कारागिराला एवढं तरी विचारावं, की इतक्या निष्ठेने जे जपलंस, त्याचा अर्थ तुला ठाऊक होता का? माझ्यापुरतं उत्तर 'नाही' होतं. फोटोत फळी नव्हती म्हणून मी ती कापली. कापताना अँटेनाचा विचार करत होतो.

कारण वाचल्यावर मी १९६२ च्या इंजिनाकडे परत गेलो. दोन सेंटिमीटर उंचीचा एक कामगार आणला, त्याच्या पायाखालची चकती कापली आणि त्याला पुढच्या फूटबोर्डवर उभा करायला गेलो. नियमाने फळीची रुंदी किमान दहा इंच, म्हणजे माझ्या मापात तीन मिलिमीटरही नाही. त्याचा बूट फळीच्या बाहेर आला. मला वाटलं फळी चुकीची बनवली. पुन्हा मोजली.

फळी बरोबर होती.