आवृत्ती आणि अवलंबन : कॅडमधील ‘पॅटर्न’ची मर्यादा

सावित्रीकाठचे सव हे गाव उन्हाळ्यांसाठी, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठी, परिचित आहे. त्याच महाड परिसरात गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. त्यांतील पहिल्या लेण्याच्या ओसरीत सहा खांब असून त्यांपैकी एकाचीच घडण पूर्णतेस गेलेली दिसते. इतर खांब चौकोनी ठोकळ्यांच्या अवस्थेतच राहिले आहेत. आवृत्ती अर्धवट राहिली. तथापि त्यामुळे पुरा झालेला खांब बाद ठरला नाही. संगणकीय आरेखनातील, म्हणजे कॅडमधील, ‘पॅटर्न’ या साधनाचे परीक्षण करताना हे उदाहरण उद्बोधक ठरते.

मूळ आकृती एकदाच काढावी, तिच्या अनेक प्रती मांडाव्यात आणि मूळ बदलताच सर्व प्रती बदलाव्यात, ही कल्पना आयव्हन सदरलंड यांच्या 1963 मधील ‘स्केचपॅड’मध्ये साकार झाली. आजच्या कॅडमध्ये एक छिद्र किंवा खाच काढून संख्या व अंतर सांगितले की, तिची रांग अथवा वर्तुळ तयार होते. सोय मोठी आहे. परंतु तिच्या पोटात एक संदिग्धता आहे. वापरणारा ‘नक्कल कर’ असे समजतो. यंत्रणा मात्र पुष्कळदा ‘तीच क्रिया पुन्हा कर’ असे समजते.

मूळ खाच ‘समोरच्या पृष्ठापर्यंत’ खोल असेल, तर प्रत्येक प्रतीला आपले पृष्ठ स्वतः शोधावे लागते. पट्टी पुढे निमुळती झाली की शेवटच्या प्रतीला ते सापडत नाही. दोन खाचा केवळ एका रेषेवर भिडल्या, तर तेथे घनाची जाडी शून्य होते आणि आकृती अग्राह्य ठरते. अशा वेळी अकरा प्रती निर्दोष असूनही बाराव्या प्रतीपायी अनेकदा सगळी रांग, आणि तिच्यावर आधारलेली पुढील रचनाही, कोसळते. ‘आकृती बनू शकली नाही’ एवढाच निरोप मिळाला, तर आरेखकाला दोष कोठे आहे हे एकेक प्रत तपासून हुडकावे लागते.

यावर आरेखकाच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविले जाते. मूळ अवयव अनावश्यक कडांशी बांधला जातो, हे खरेच. पण हा निवाडा अपुरा आहे. सुचविले जाणारे उपायही निर्दोष नाहीत. केवळ पृष्ठांची नक्कल केल्यास रांग उभी राहते, परंतु खोली चुकीची राहू शकते. हे यश नव्हे, अबोल अपयश होय. बिघडलेली प्रत वगळणे अधिक प्रामाणिक. मात्र वगळणूक क्रमांकावर बेतलेली असेल, तर संख्या किंवा अंतर बदलताच रिकामी जागा भलतीकडे पडते.

गांधारपाल्याच्या ओसरीत खांबांची जागा राखणे आणि खांब घडविणे ही दोन कामे निरनिराळी दिसतात: जागा सहाही खांबांची राखलेली, घडण एकाचीच पुरी. कॅडमधील पॅटर्नने ही दोन्ही कामे एका आज्ञेत गुंतविली. त्याच्या अपयशाचे मूळ येथे आहे. मांडणी आणि घडण यांचा हिशेब वेगवेगळा ठेवून, कोणती प्रत कोणत्या अटीवर अडली हे सांगत उरलेल्या प्रती टिकविणारे साधनच आरेखकाच्या विश्वासास पात्र ठरेल.