फिजीची प्रश्नावली मुरबाडमध्ये चालेल का?

माध्यमं आणि मुलींची शरीरप्रतिमा हा विषय निघाला की फिजीचं उदाहरण हमखास येतं. तिथल्या नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये टीव्ही आला. ॲन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना २६ प्रश्न दिले. २० पेक्षा जास्त, म्हणजे धोक्याचे गुण मिळालेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या.

नमुना लहान होता, ६३ आणि ६५ मुली. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या. टीव्ही न पोचलेला गट तुलनेला नव्हता. तरी वजनासाठी उलटी काढणाऱ्या मुली शून्यावरून ११.३ टक्के झाल्या, हे सोडून देता येत नाही.

माझा आक्षेप प्रश्नावली जशीच्या तशी उचलण्याला आहे. भूक असून खाणं टाळता का, असा त्यात एक प्रश्न आहे. तो मुरबाडच्या पाड्यावर विचारून बघा. श्रावणी सोमवार, सकाळची एसटी, सगळ्यांचं झाल्यावर जेवायची रीत, घरात धान्यच नसणं. 'हो' म्हणायला कारणं कितीतरी, गुण मात्र सारखेच! महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं.

उलट, रंगाबद्दल २६ पैकी एकही प्रश्न नाही. 'फेअर अँड लव्हली'च्या नावातलं 'फेअर' २०२० मध्ये गेलं. पण स्थळ बघताना 'मुलगी उजळ आहे ना?' हे शहापुरात अजून विचारतातच.

म्हणून प्रत्येक 'हो'पुढे 'का?' विचारा. नाहीतर उपाशी मुलगी आपल्या तक्त्यात डाएटवाली ठरेल.