पत्ता एक, चुली दोन

चुलीचा धूर आणि दृष्टी यावर वाचायला घेतलं की विनोद मिश्रा, रॉबर्ट रेदरफर्ड आणि कर्क स्मिथ यांचा 1999 चा पेपर लवकरच हाती येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीतला (1992-93) डेटा, तिशीपुढची 1 लाख 73 हजारांहून जास्त माणसं. लाकूड-गोवऱ्या जाळणाऱ्या घरांत अंशतः अंधत्वाचा ऑड्स रेशो 1.32.

पेपर चांगलाच आहे. पण आउटकम बघा: कोणाला कमी दिसतं हे घरातल्या एकाच माणसाने सांगितलंय, डोळे कुणी तपासलेले नाहीत. अंदाजाने घरभर वावरणाऱ्या म्हातारीला आपल्याकडे कोण आंधळी म्हणतं?

माझा खरा आक्षेप मात्र ‘घर’ या व्हेरिएबलवर आहे, आणि तो बीडमध्ये उभं राहिलं की लगेच कळतो. धारूर, वडवणी, पाटोद्याकडची कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम कारखान्याजवळच्या कोपीत. तिथे वेगळं स्वयंपाकघर वगैरे काही नाही; चूल दारात नाहीतर आतच. दिवसभर फडात पाचटाची धूळ. उसाचं पातं बुबुळाला लागलं तर बुरशीचा संसर्ग होऊन डोळा जाऊ शकतो. दवाखान्यात जायचं म्हटलं तर खाडा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर धूळ-धूर टाळा म्हणतात. कोपीत राहून कसा टाळणार?

सर्वेक्षणाच्या फॉर्मवर यातलं काय येतं? गावातलं घर. किंवा दाराचं कुलूप.

इथे मिश्रांवर अन्याय नको. 1992 ला गावातही लाकूड आणि कोपीतही लाकूड, म्हणजे इंधनापुरती त्यांची नोंद फारशी चुकली नसावी. पण 2016 ला उज्ज्वला आली. आज हाच अभ्यास जशाच्या तसा केला, तर गावात सिलेंडर असलेली बाई ‘स्वच्छ इंधन’ या गटात जाईल आणि अर्धं वर्ष धुरात काढेल. दोन गटांतला फरक पुसट होईल, आणि कुणीतरी ‘धुराचा परिणाम आढळला नाही’ असं लिहून मोकळं होईल. एक्सपोजर मिसक्लासिफिकेशन म्हणतात ते हेच, पाठ्यपुस्तकात कंटाळवाणं वाटतं एवढंच.

तुमच्यापैकी कुणी मराठवाड्यात असं काम करणार असेल, तर फील्डवर्कचे महिने आधी बघा. आणि प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवा: मागच्या हंगामात कुठे होता, आणि तिथे कशावर रांधत होता?