पाते गारेचे, कुऱ्हाड तांब्याची

मानवाच्या आद्य इतिहासाची पाषाणयुग, कांस्ययुग आणि लोहयुग अशी विभागणी डेन्मार्कचे ख्रिश्चन थॉमसन यांनी कोपनहेगनच्या संग्रहालयातील वस्तूंची मांडणी करताना केली आणि १८३६ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दालनात वस्तू लावण्यासाठी सोयीची असलेली ही चौकट पुढे प्रगतीची शिडी मानली गेली आणि दगड वापरणारा समाज मागास, धातू वापरणारा पुढारलेला, अशी समजूत रूढ झाली. महाराष्ट्रातील उत्खननांचा पुरावा या समजुतीला छेद देतो. येथील पहिल्या शेतकरी वसाहतींच्या काळाला मराठीत 'ताम्रपाषाणयुग' म्हणतात, आणि तांबे व दगड यांना एकाच पदात गुंफणारा हा शब्द वस्तुस्थितीला अधिक जवळचा आहे.

प्रवरेच्या काठी, संगमनेरजवळच्या जोर्वे येथे हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले आणि या गावाच्या नावाने एक संपूर्ण संस्कृती ओळखली जाऊ लागली. नेवासे, चांडोली, दायमाबाद आणि घोड नदीकाठचे इनामगाव ही तिची प्रमुख स्थळे होत. इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत केलेल्या कामातून शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले व इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील गावाचे जीवन सविस्तर समजले. या लोकांना तांबे वितळवून घडवण्याची विद्या अवगत होती, तरीही त्यांच्या रोजच्या कामाची धार दगडाचीच होती. त्याचे पहिले कारण भूगर्भात आहे. दख्खनच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, तांब्याचे खनिज नाही, म्हणून तांबे दुरून आणावे लागे आणि त्यासाठी अभ्यासक राजस्थानातील अरवलीकडे बोट दाखवतात. उलट त्याच कातळाच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी, अकीक आणि जास्पर हे गारेच्या जातीचे दगड तयार होतात आणि झिजलेल्या खडकातून सुटून नदीच्या वाळूगोट्यांत येऊन पडतात, त्यामुळे ते वेचायला नदीपर्यंत जाणे पुरेसे असे.

दुसरे कारण कौशल्याचे आहे. ज्या गोट्यापासून पाती काढायची त्याला गाभा म्हणतात. त्याच्या एका कडेवर दोन्ही बाजूंनी बारीक छिलके उडवून आधी कण्यासारखी उभी धार तयार केली जाई, आणि त्या कण्याच्या रेषेत पहिले पाते सुटले की त्यामागून समांतर कडांची अरुंद, लांब पाती एकामागून एक निघत. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत अशी पाती ओळीने बसवली की विळा तयार होई, आणि एक पाते तुटले तर तेवढेच बदलता येई. कॅल्सेडनी तांब्याहून कितीतरी कठीण असल्याने कापण्याच्या कामात ही धार तांब्याला सहज मागे टाकते. अशी पाती करणाऱ्या कारागिराला अडाणी म्हणणे हे त्याच्या हाताचे मोल न ओळखण्यासारखे आहे.

तांब्याचे गुण निराळे होते. ते आघाताने दगडासारखे फुटत नाही, वाकले तर ठोकून सरळ होते आणि झिजले तर मुशीत, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मातीच्या भांड्यात, वितळवून पुन्हा नवे करता येते. म्हणून कुऱ्हाड, छिन्नी, मासे धरण्याचा गळ, बांगडी आणि मणी यांसाठी ते वापरले गेले. जोर्वे येथे चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, चांडोलीला शृंगिकायुक्त, म्हणजे मुठीला शिंगासारखे दोन फाटे असलेला खंजीर मिळाला, आणि नेवाशात पुरलेल्या एका बालकाच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेले तांब्याचे मणी होते. दुरून आणलेला हा मौल्यवान धातू लेकराच्या गळ्यात घालून मातीआड केला गेला, यावरून त्याचे मोल केवळ उपयोगाने ठरत नव्हते हे स्पष्ट होते. दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेले हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ हे चार भरीव ओतीव नमुने तर वजनाने मिळून साठ किलोंहून अधिक आहेत. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, मात्र ओतकामाच्या दर्जाविषयी शंका घेण्यास जागा नाही.

या पुराव्याचे मूल्यमापन करताना एक दोष सतत लक्षात ठेवावा लागतो. तुटलेले पाते जागीच टाकले जाते आणि हजारो वर्षे तसेच राहते, तर मोडके तांबे पुन्हा मुशीत जाते, म्हणून उत्खननात दगड जास्त आणि धातू कमी दिसणारच. नुसत्या संख्येवरून त्या समाजात धातूचे स्थान किती होते हे ठरवणारा निष्कर्ष त्यामुळे फसवा ठरतो. संग्रहालयांत नेमका उलटा दोष आढळतो: तेथे धातूचा रथ दालनाच्या मध्यभागी येतो आणि पाती पेटीच्या कोपऱ्यात ढीग होऊन पडतात.

खरा पालट लोखंडाने घडवला. विदर्भात लोहखनिज आणि कोळशासाठी जंगल या दोन्ही गोष्टी आवाक्यात होत्या. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. अशा भट्टीत लोखंड वितळत नाही. भात्याच्या वाऱ्याने तापलेल्या कोळशात खनिजापासून मळी वेगळी होऊन सच्छिद्र गोळा उरतो आणि तो ठोकून घट्ट करावा लागतो. मध्य भारतातील अगरिया समाजाने ही विद्या विसाव्या शतकापर्यंत जपली आणि व्हेरियर एल्विन यांनी १९४२ च्या ग्रंथात तिची नोंद केली. विदर्भातील त्या प्राचीन लोहकारांच्या समाजाने जुनापाणी आणि माहूरझरी येथे मृतांसाठी मोठ्या धोंड्यांची वर्तुळे रचली, तेव्हा हाती लोखंड आले तरी स्मरणासाठी त्यांना दगडच योग्य वाटला.

कोकण किनाऱ्यावर हीच कथा वेगळ्या रूपात दिसते. साष्टी बेटावर, कांदिवली येथे, के. आर. यू. टॉड यांनी गोळा केलेली दगडी हत्यारे १९३९ मध्ये अभ्यासकांपुढे आली, आणि मुंबईच्या बंदरात घारापुरीची लेणी उभी आहेत. कठीण कातळात एवढे खोदकाम लोखंडी छिन्नीशिवाय शक्य नव्हते, म्हणजे धातूने दगडाला निवृत्त न करता त्याच्यातील शिल्प मोकळे केले. समुद्रात मात्र जहाज धरून ठेवायला धारेपेक्षा वजन लागते, म्हणून लोहयुग कधीच सुरू झाले असूनही दगडी नांगर दीर्घकाळ वापरात राहिले आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत ते आजही सापडतात. घरातले जाते झिजले की पोलादी टाकीने ते पुन्हा खरखरीत करणारे टकारी दारी येत, आणि त्या एका कामात दगड व धातू ही दोन्ही द्रव्ये परस्परांच्या आधाराने नांदत.

म्हणून पुढील अभ्यासाने कोणत्या द्रव्याने कोणाला हरवले हे विचारण्याऐवजी, कोणत्या कामासाठी, कोणत्या खर्चात आणि कोणाच्या हातून कोणते द्रव्य निवडले गेले, हे विचारावे. इनामगावचा विळा आणि जोर्व्याची कुऱ्हाड एका पेटीत शेजारी ठेवली, तर त्या शेतकऱ्यांचा सारासार विचार कोणत्याही पाहुण्याला फलक न वाचताच उमगेल.