‘फोर्ट स्टिकीन’: एका बोटीच्या चरित्राचा अर्धा पाठ

‘फोर्ट स्टिकीन’विषयींचें लेखन बहुधा १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदींतील स्फोटापासूनच आरंभ करितें. पोथीचें अंतिम पत्र वाचून ग्रंथनिर्णय करावा, तसेंच हें होय. ७,००० टनांवरील ही मालवाहू आगबोट १९४२ सालीं कॅनडांतील प्रिन्स रुपर्ट येथें युद्धाच्या निकडीनें बांधिली गेली. फेब्रुवारी १९४४ मध्यें बर्केनहेडहून दारूगोळा घेऊन निघालेल्या या बोटीवर कराचीस कापसाच्या गाठी चढविल्या. सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें आणि त्यांच्या शेजारीं कापूस! ही रचना माणसांनींच केली. म्हणून ‘दैवदुर्विलास’ हा शब्द आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. शेंकडों मृतांस न्याय द्यावयाचा, तर संशोधकांनीं स्फोटवर्णनापूर्वीं मालाची यादी वाचावी.