गर्दीतील चेहरे : वीजीच्या छायाचित्रांतील न्यूयॉर्क

वृत्तपत्रात छापलेल्या छायाचित्राला दीर्घायुष्य लाभत नाही. सकाळी ते हजारो हातांत असते आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात कोणीतरी मासळी बांधून देतो. असे असूनही, एखाद्या शहराच्या गतकाळातील सामान्य माणसाचा चेहरा पाहावयाचा झाल्यास या अल्पायुषी छायाचित्रांकडेच वळावे लागते. स्टुडिओत माणूस केस विंचरून, श्वास रोखून बसतो. सरकारी दप्तरात तो आकडा होऊन राहतो. वृत्तपत्राच्या छायाचित्रात मात्र तो जसा रस्त्यावर उभा होता तसा, घामेजलेला, भ्यालेला किंवा हसणारा सापडतो. गेल्या शतकाच्या मध्यावरील न्यूयॉर्क शहर अशा रीतीने ज्याच्या चित्रांत जिवंत राहिले, त्या वीजी या छायाचित्रकाराच्या कामाचा विचार प्रस्तुत लेखात करावा, असे आम्ही योजिले आहे. त्याची थोरवी सांगणे एवढाच आमचा हेतू नाही. दुसऱ्याच्या आयुष्याकडे किती जवळून पाहावे, हा प्रश्न त्याची छायाचित्रे आपल्यासमोर ठेवतात, आणि तो प्रश्न वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येक घराचा आहे.

वीजीचे मूळ नाव उशेर फेलिग. त्याचा जन्म १८९९ साली तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या झोलोचिव्ह या गावी एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास तो अमेरिकेत आला आणि उशेरचा आर्थर झाला. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील चाळवजा इमारतींत त्याचे बालपण गेले. शाळा लवकर सुटली. तारुण्यात रेल्वे स्थानकांवर व बागेतील बाकांवर आपण रात्री काढल्या, असे त्याने १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. १९२४ पासून सुमारे अकरा वर्षे त्याने एका वृत्तछायाचित्र संस्थेच्या डार्करूममध्ये इतरांची चित्रे धुतली आणि १९३५ च्या सुमारास ती नोकरी सोडून तो स्वतंत्रपणे काम करू लागला. पोलिसांच्या मुख्यालयामागे एका खोलीत त्याने बिऱ्हाड केले. १९३८ पासून त्याच्या मोटारीत पोलिसांचे संदेश ऐकू येणारा रेडिओ होता. आग, अपघात किंवा खून झाला की हा माणूस इतका तत्परतेने तेथे पोहोचे, की त्याला भविष्य कळते, अशी वदंता पसरली. प्लँचेटसारख्या ‘वीजा’ नावाच्या फळ्यावरून आपले टोपणनाव पडले, असे तो स्वतः सांगे.

त्याच्या साधनांचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण त्याच्या शैलीचा उगम त्यांतच आहे. स्पीड ग्राफिक नावाचा अवजड कॅमेरा आणि एकदा पेटून निकामी होणारा फ्लॅशचा बल्ब, एवढीच त्याची सामग्री होती. कॅमेरा बहुधा दहा फूट अंतरावर लावून ठेवलेला असे. रात्रीच्या अंधारात हा प्रखर प्रकाश समोरच्या चेहऱ्यावर आदळतो आणि त्यामागचे सारे काळोखात बुडून जाते. त्यामुळे त्याच्या चित्रांतील माणसे जणू अंधारातून ओढून काढल्यासारखी दिसतात. ही प्रकाशयोजना नाट्यमय आहे हे खरे, पण ती निर्दयही आहे. तिच्यासमोर कोणालाही चेहरा आवरून धरण्यास अवसर मिळत नाही.

वीजीची ख्याती खुनांचा छायाचित्रकार म्हणून झाली आणि ती त्याने स्वतःही हौसेने वाढविली. आपल्या चित्रांच्या पाठीवर तो स्वतःस ‘सुप्रसिद्ध वीजी’ म्हणवून घेणारा शिक्का मारी. दोन खुनांच्या छायाचित्रांबद्दल टाइम कंपनीकडून आलेल्या ३५ डॉलरच्या धनादेशाची पावती त्याने जगाला दाखविली होती. परंतु त्याची चित्रे एकामागून एक पाहत गेल्यास वाचकांच्या एक गोष्ट ध्यानात येईल. मृतदेहाचे चित्र इतर छायाचित्रकारही घेत होते. वीजी मात्र वारंवार मृतदेहाकडे पाठ फिरवून बघ्यांकडे वळतो. १९३९ सालच्या एका प्रसिद्ध चित्रात दारात एक माणूस मरून पडला आहे आणि वरच्या साऱ्या खिडक्या माणसांनी भरून गेल्या आहेत. बाल्कनीची तिकिटे काढून नाटकाला बसावे तसे ते लोक बसले आहेत, आणि वीजीने चित्राला शीर्षकही त्याच अर्थाचे दिले. आमच्या मते वीजीचा खरा विषय गुन्हा हा नव्हताच. गुन्हा घडला तरी चालूच राहणारे शहराचे रोजचे जीवन, हा त्याचा विषय होता.

हे पटण्यासाठी त्याची गुन्हेगारीशी संबंध नसलेली चित्रे पाहावीत. १९३७ च्या सुमाराच्या एका चित्रात आगीच्या बंबासाठी असलेला रस्त्यावरचा नळ उघडून मुले त्याखाली नाचत आहेत. मे १९४१ मधील दुसऱ्या एका चित्रात उकाड्याने हैराण झालेली मुले इमारतीबाहेरच्या लोखंडी जिन्याच्या सज्जावर एकमेकांना बिलगून झोपली आहेत. या चित्रात दारिद्र्याविषयी भाषण नाही. खोलीत वारा नाही, म्हणून अंथरूण बाहेर आले, इतकीच वस्तुस्थिती तेथे आहे. परंतु त्या लोखंडी गजांवर अंग टाकलेल्या पोरांकडे पाहिले, की घर किती लहान असेल आणि त्यात माणसे किती असतील, याचा हिशेब पाहणारा आपसूक करू लागतो. बाकावर रात्री काढलेल्या माणसाने हे चित्र घेतले आहे, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

जुलै १९४० मधील कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्याचे चित्र हे या परंपरेतील सर्वांत मोठे चित्र होय. ‘पीएम’ या दैनिकासाठी ते घेतले गेले. हे दैनिक जून १९४० मध्ये राल्फ इंगरसोल यांनी सुरू केले. जाहिराती न घेण्याचे धोरण आणि छायाचित्रांना दिलेले मानाचे स्थान ही त्याची वैशिष्ट्ये होती. १९४८ साली ते बंद पडले. या चित्रात वाळूचा कणही दिसत नाही. जिकडे पाहावे तिकडे माणसेच माणसे आहेत, आणि त्यांतील असंख्य जण कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहेत, हात हलवीत आहेत. भिंग घेऊन हे चित्र पाहिल्यास गर्दी विरघळू लागते. एकाने दुसऱ्याला खांद्यावर घेतले आहे, कोणी डोळ्यांवर हाताची छत्री धरली आहे, कोणाचे लक्षच नाही. ट्राम व भुयारी रेल्वेचे भाडे परवडणारी, परंतु त्याहून दूरच्या सहलीला जाण्याची ऐपत नसलेली ही माणसे आहेत. युरोपात त्या उन्हाळ्यात महायुद्ध पेटले होते आणि यांतील अनेकांचे नातलग तेथे असणार. पुढच्या काही वर्षांत यांतील कित्येक तरुण सैनिकी गणवेशात गेले असतील. चित्राला त्याची वार्ता नाही. एका सुट्टीच्या दिवसाचा आनंद तेवढा त्याने टिपून ठेवला आहे, आणि पुढचा इतिहास ठाऊक असलेल्या आपल्याला तो आनंद पाहताना भरून येते.

आता कठीण चित्रांकडे वळू. ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्रुकलिनमधील एका शाळेजवळ भर रस्त्यात एका जुगाऱ्याचा खून झाला. वीजीने जमलेल्या शाळकरी मुलांचे चित्र घेतले आणि पुढे त्याला ‘त्यांचा पहिला खून’ अशा अर्थाचे शीर्षक दिले. प्रेत या चित्राच्या चौकटीत नाही. आहेत ती मुले : कोणी माना उंचावून पाहत आहेत, कोणी कॅमेऱ्याकडे बघून हसत आहेत, एक दुसऱ्याला ढकलून पुढे घुसतो आहे. आणि या हसऱ्या, उत्सुक गर्दीच्या मधोमध एक स्त्री हंबरडा फोडून रडत आहे. ती मृताची नातेवाईक होती. या मुलांना निष्ठुर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वीजी तसे म्हणत नाही आणि आम्हीही म्हणणार नाही. मृत्यूसमोर काय करावे हे ज्यांना अजून कोणी शिकविलेले नाही, त्या वयाची ही मुले आहेत. त्यांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, ते पुरते शिकलेली एक स्त्री उभी आहे. एकाच चौकटीत ही दोन वये आणून वीजीने जे साधले, ते शब्दांत मांडावयास कादंबरीकाराला एक प्रकरण लागले असते.

परंतु याच जागी आक्षेपही उभा राहतो. त्या स्त्रीच्या तोंडावर फ्लॅश पेटविण्याचा अधिकार वीजीला कोणी दिला? हा प्रश्न १९३९ च्या डिसेंबरमधील आगीच्या चित्राच्या वेळी अधिकच तीव्र होतो. ब्रुकलिनमधील एका इमारतीला आग लागली आहे. एक आई व तिची मुलगी वर पाहत आहेत. वर, त्या आगीत, दुसरी मुलगी आपल्या तान्ह्या बाळासह अडकली आहे. हे चित्र घेताना आपल्याला रडू आले, असे वीजीने नंतर चित्राखाली लिहिले. त्याच्या अश्रूंवर आम्ही अविश्वास दाखवीत नाही. तरीही ते अश्रू हे त्या आईच्या परवानगीचे मोल होऊ शकत नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहता, हे चित्र छापले गेल्यामुळेच अशा इमारतींत राहणे म्हणजे काय, हे सुरक्षित घरांतल्या वाचकांना उमगू शकले, हेही नाकारता येत नाही. आगीच्या ज्वाळांचे चित्र कोणीही विसरून जाईल. त्या दोघींचे वर लागलेले डोळे विसरता येत नाहीत. आमचा निर्णय असा की, चित्र घेणे क्षम्य आहे, परंतु ते पाहणाऱ्यावर एक ऋण येते. नजर त्या चेहऱ्यांवरून निघून त्या इमारतीकडे, तिच्या जिन्यांकडे, तिच्या मालकाकडे जात नसेल, तर आपणही खिडकीत बसलेल्या त्या बघ्यांपैकीच एक होतो.

ज्या चित्राला आम्ही क्षम्य म्हणू शकत नाही, ते वीजीच्या सर्वांत गाजलेल्या चित्रांपैकी एक आहे. २२ नोव्हेंबर १९४३ रोजी मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या हंगामाची पहिली रात्र होती. हिऱ्यांनी मढलेल्या दोन श्रीमंत स्त्रिया नाट्यगृहात शिरत आहेत आणि बाजूला विस्कटलेल्या केसांची, जुनाट कोटातील एक गरीब स्त्री त्यांच्याकडे जळजळीत नजरेने पाहत आहे. ‘लाइफ’ साप्ताहिकाने डिसेंबरमध्ये हे चित्र छापले आणि पुढे ‘टीकाकार’ अशा अर्थाच्या शीर्षकाने ते जगभर गेले. कित्येक वर्षे लोकांनी ते सहजगत्या लाभलेले सत्य मानले. पुढे वीजीचा मदतनीस लुई लियोटा याने सांगितले, की त्या गरीब स्त्रीला बावरी भागातील एका मद्यालयातून मुद्दाम आणले होते, तिला दारू पाजली होती आणि योग्य क्षणी कॅमेऱ्यासमोर उभे केले होते.

कोणी म्हणेल, श्रीमंती व दारिद्र्य यांतील दरी खरीच होती, मग ती दाखविण्यासाठी थोडी जुळवाजुळव केली तर बिघडले काय? कोनी आयलंडच्या गर्दीनेही कॅमेऱ्यासाठी अभिनय केलाच होता. हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. कोनी आयलंडच्या माणसांना आपले चित्र निघत आहे हे ठाऊक होते. ती त्या खेळात खुशीने सामील झाली आणि वाचकालाही ते दिसत होते. ऑपेराच्या दारात मात्र एका असहाय स्त्रीला शुद्धीवर नसताना वापरले गेले आणि वाचकाला ते कळू दिले नाही. गरिबांची बाजू मांडण्यासाठी एका गरीब स्त्रीचीच अप्रतिष्ठा करण्यात आली. वृत्तपत्रातील छायाचित्र ‘हे असे घडले’ एवढेच वचन वाचकाला देते. ते वचन एकदा मोडले, की त्याच हातांनी काढलेल्या प्रामाणिक चित्रांवरही संशयाची छाया पडते. वीजीवरील हा सर्वांत मोठा ठपका आहे, आणि त्याची हानी झाली ती त्याच्या उत्तम कामालाच.

आणखी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक वाटते. १९४३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने वीजीची चित्रे प्रदर्शनात मांडली. १९४५ साली ‘नेकेड सिटी’ हा त्याचा संग्रह निघाला आणि त्याचेच शीर्षक १९४८ सालच्या एका चित्रपटाने घेतले. १९६८ मध्ये वीजीचे निधन झाले. १९९३ साली त्याचा प्रचंड चित्रसंग्रह न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी या संस्थेकडे आला. त्यामुळे ही चित्रे वाचली, हे उपकारच होत. परंतु वृत्तपत्रात चित्राखाली रस्ता, घटना व पुष्कळदा नावगाव असे. संग्रहालयाच्या भिंतीवर ती माहिती लहान अक्षरांत जाते आणि छायाचित्रकाराचे नाव मोठे होते. रडणारी स्त्री ‘वीजीचे चित्र’ बनते. ती कोणाची तरी मावशी किंवा आत्या होती, त्या संध्याकाळी तिला घरी जाऊन दुसऱ्यांना ती बातमी सांगावयाची होती, हे पाहणारा विसरतो.

ज्यांना ही छायाचित्रे पाहावयाची असतील त्यांनी खुनांपासून आरंभ करू नये, असे आम्ही सुचवू. प्रथम कोनी आयलंडचे चित्र घ्यावे आणि घाई न करता एकेक चेहरा पाहावा. मग लोखंडी सज्जावर झोपलेली मुले पाहावीत. त्यानंतर शाळेजवळची ती रडणारी स्त्री आणि आगीकडे पाहणाऱ्या त्या मायलेकी यांच्यासमोर यावे. एव्हाना ही माणसे अनोळखी राहिलेली नसतील आणि त्यांच्याकडे कसे पाहावे हे वेगळे सांगावे लागणार नाही. ऑपेराच्या दारातले चित्र सर्वांत शेवटी पाहावे आणि त्यातील हिऱ्यांवरची नजर काढून, जिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही त्या स्त्रीकडे ती वळवावी.