सेवा, शिक्षण आणि उत्तरदायित्व : विद्यार्थ्यांच्या परदेशी उन्हाळी सेवाकार्याची चिकित्सा

प्रस्तावना

उन्हाळी सुट्टीत परदेशी जाऊन काही आठवडे सेवाकार्य किंवा इंटर्नशिप करणे ही अमेरिका व युरोपातील विद्यापीठांत रुळलेली प्रथा आहे. आफ्रिकेतील दवाखाने, मध्य अमेरिकेतील खेडी, आग्नेय आशियातील शाळा व अनाथालये ही या विद्यार्थ्यांची नेहमीची ठिकाणे होत. या अनुभवाला विद्यापीठे अनेकदा श्रेयांक देतात. पुढील प्रवेशाच्या वा नोकरीच्या अर्जातही तो मोलाचा ठरतो. या प्रथेवरील एक अत्यंत कठोर आक्षेप इव्हान इलिच यांनी एप्रिल १९६८ मध्ये घेतला. मेक्सिकोतील खेड्यांत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या परिषदेपुढे त्यांनी केलेले भाषण अनेक विद्यापीठांत अशा दौऱ्यांच्या पूर्वतयारीत आवर्जून वाचले जाते. त्या युक्तिवादातील टिकाऊ भाग कोणता व अपुरा कोणता हे तपासणे, आणि त्या आधारे आपल्याकडील व्यवहाराविषयी एक प्रश्न उपस्थित करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इलिच यांचा युक्तिवाद

इलिच यांच्या भाषणाला एक निश्चित पार्श्वभूमी आहे. ऑक्टोबर १९६० मध्ये जॉन केनेडी यांनी मिशिगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांना परदेशात सेवा करण्याची तयारी आहे का, असे विचारले होते. ते अध्यक्ष झाल्यावर १ मार्च १९६१ रोजी ‘पीस कोअर’ची स्थापना झाली. या योजनेत भाषेचे प्रशिक्षण आणि दोन वर्षांचे वास्तव्य अपेक्षित होते. उन्हाळी सेवेच्या उपक्रमांनी ध्येयवाद तोच ठेवला. मुदत मात्र काही आठवड्यांवर आणली.

१९२६ साली व्हिएन्नात जन्मलेले इलिच हे कॅथलिक धर्मगुरू होते. मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथील त्यांच्या केंद्रात लॅटिन अमेरिकेत काम करू इच्छिणाऱ्या परदेशी व्यक्तींना स्पॅनिश शिकवली जात असे. त्यामुळे त्यांच्या टीकेला प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार होता. त्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांत मांडता येईल. एक, ज्यांची भाषा येत नाही त्यांच्या गरजा समजू शकत नाहीत. असा विद्यार्थी गावात जाऊन अखेर स्वतःसारख्याच मध्यमवर्गीयांशी संवाद साधतो. दोन, तो कळत-नकळत आपल्या जीवनपद्धतीचा प्रचारक ठरतो. तीन, तो आपल्या इच्छेला ‘त्याग’ व ‘साहाय्य’ ही नावे देतो आणि त्यामुळे स्वतःचीही फसवणूक करतो. पीस कोअर प्रत्येक स्वयंसेवकाला परक्या संस्कृतीचा धक्का बसू नये म्हणून सुमारे १०,००० डॉलर खर्च करते; परंतु त्या स्वयंसेवकाच्या आगमनाने गावकऱ्यांना बसणाऱ्या धक्क्याचा विचार कोणीच करीत नाही, हे त्यांचे निरीक्षण आजही निरुत्तर करणारे आहे. पाहण्यासाठी या, शिकण्यासाठी या, मदतीसाठी मात्र येऊ नका, असा त्यांच्या विवेचनाचा निष्कर्ष होता.

आक्षेपाची प्रचीती

इलिच यांनी वर्तवलेला धोका सर्वाधिक स्पष्टपणे अनाथालयांच्या संदर्भात दिसून आला. कंबोडियातील अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे तेथील शासन व युनिसेफ यांच्या पाहणीतून पुढे आले. परदेशी स्वयंसेवक येतात, त्यांच्यासोबत पैसा येतो आणि त्या पैशासाठी संस्थांना मुले हवी असतात; गरीब कुटुंबांतील मुले संस्थेत आणण्यास अशा रीतीने उत्तेजन मिळते. शिवाय दर काही आठवड्यांनी नवी माणसे जीव लावतात आणि निघून जातात, हा आघात मुलांनाच सोसावा लागतो. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कविषयक ठरावात अशा स्वयंसेवेच्या दुष्परिणामांचा उल्लेख केला. येथे विद्यार्थ्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दोष आहे तो सद्भावनेलाच पात्रता मानणाऱ्या व्यवस्थेचा.

युक्तिवादाची मर्यादा

असे असले तरी इलिच यांचा युक्तिवाद एका ठिकाणी अपुरा पडतो. सेवा करायचीच असेल तर आपल्याच देशातील गरिबांत करा, कारण ते तुम्हाला तोंडावर नकार देऊ शकतील, असे त्यांनी सुचवले होते. नकाराचा अधिकार हा निकष मोलाचा आहे. परंतु तो देशाच्या सीमेशी जोडणे योग्य वाटत नाही.

याची दोन उदाहरणे देता येतील. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी चॉकलेटच्या वेष्टन केंद्रात काम करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनी काम बंद केले. उन्हाळी काम व प्रवासाच्या सांस्कृतिक देवाणघेवाण योजनेखाली ते तेथे आले होते. प्रत्यक्षात वाट्याला जड खोकी उचलण्याचे काम आले. त्यांच्या आंदोलनानंतर २०१२ मध्ये अमेरिकी शासनाने योजनेचे नियम कडक केले. म्हणजे परक्या देशातही नकार देता आला, कारण तो व्यवहार कामाचा व वेतनाचा होता. सेवेच्या व्यवहारात असा मार्ग नसतो. उपकाराविरुद्ध संप करता येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याकडील आहे. इलिच यांच्या भाषणानंतर सुमारे दीड वर्षाने, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. शहरातील महाविद्यालयाचे विद्यार्थी सात दिवसांच्या निवासी शिबिरासाठी आदिवासी पाड्यावर जातात तेव्हा देश एकच असतो. परंतु पाड्याला नकार देणे कितपत शक्य असते? ‘दत्तक गाव’ हा आपल्या परिचयाचा शब्दच याबाबत पुरेसा बोलका आहे. दत्तक घेणारा ठरवतो. दत्तक जाणाऱ्याला कोणी विचारत नाही. अंतर केवळ देशादेशांत नसते. ते सत्तेतही असते.

‘शिकणे’ या शब्दाची किंमत

आज बहुतेक विद्यापीठांनी ‘मदत’ हा शब्द मागे घेऊन ‘अनुभवाधारित शिक्षण’ हा शब्द पुढे आणला आहे. वरकरणी हा इलिच यांचा विजय वाटतो. परंतु विद्यार्थी शिकण्यासाठी जात असेल तर शिकवणारा कोण, हा प्रश्न अपरिहार्य ठरतो. शुल्क विद्यापीठाकडे किंवा मध्यस्थ संस्थेकडे जमा होते, गुण प्राध्यापक देतात आणि प्रमाणपत्र विद्यार्थ्याला मिळते. ज्या परिचारिकेने कामाच्या धबडग्यात त्याला समजावून सांगितले, ज्या कुटुंबाने त्याच्या भाषिक चुका सांभाळून घेतल्या, त्यांचे नाव या हिशेबात बहुधा नसते.

याहून वेगळे घडू शकते, हे जामखेडने दाखवले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या, अनेकदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवणे हा त्याचा गाभा होता. पुढे तेथे प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि परदेशांतील विद्यार्थीही येऊ लागले. तेथे शिकवणाऱ्यांत या आरोग्यसेविकाही आहेत. परदेशी पाहुणा विद्यार्थी आहे आणि गावातील स्त्री शिक्षिका आहे, हे नाते तेथे उघडपणे मान्य केलेले आहे. इलिच यांना अभिप्रेत असलेले शिकणे याहून फारसे वेगळे नसावे.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत कार्य प्रशिक्षण, क्षेत्र प्रकल्प व समुदाय सहभाग यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. परदेशी विद्यापीठांपुढील प्रश्न त्यामुळे आपल्याही दाराशी आला आहे. यापुढे हे श्रेयांक देणारे आपणच असणार आहोत. म्हणून किमान तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे : विद्यार्थी येण्यापूर्वी गावाला किंवा संस्थेला नकार देण्याची खरी मोकळीक असावी, जे काम विद्यार्थी आपल्या गावी पात्रतेअभावी करू शकत नाही ते अन्यत्रही त्याच्याकडून करवून घेऊ नये, आणि ज्यांनी त्याला शिकवले त्यांना मानधन व मूल्यमापनात वाटा मिळावा. यांपैकी तिसरी अट सर्वांत अवघड आहे, कारण ती आपल्याच अधिकाराला हात घालते. गुणपत्रिकेतील काही गुण गावातील शिक्षकाच्या हाती देण्यास आपण तयार नसू, तर त्या उपक्रमाला ‘शिक्षण’ म्हणण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही.